गांडूळ तुटले म्हणजे एकाची दोन होतात काय?



नांदेड जिल्ह्यातील अर्धापूर, मुदखेड भागात केळीची पाने व खोडे, तर लातूर जिल्ह्यात सोयाबीनचे भुसकट आणि उसाचे पाचट दरवर्षी मोठ्या प्रमाणात निघते. शेणाबरोबर हा काडीकचरा कुजवून बरेच शेतकरी आता घरीच गांडूळखत तयार करतात. खत काढताना कुदळ किंवा खोरे चालविले की काही गांडुळे तुटतात. दोन्ही तुकडे वळवळताना दिसतात आणि 'बरे झाले, एकाची दोन झाली' असे म्हटले जाते. हा समज बरोबर नाही. या समजापोटी विकत आणलेले कल्चर हळूहळू कमी होत जाते.

तुटलेला भाग कसा वाढतो?

गांडुळाचे शरीर एकामागे एक असलेल्या वलयांचे बनलेले असते. गांडूळखतासाठी वापरल्या जाणाऱ्या आयसेनिया फेटिडा या लाल गांडुळात सुमारे ८० ते १२० वलये असतात. गांडूळ तुटताच जखमेजवळचे स्नायू आकसतात, त्यामुळे रक्त फार वाहून जात नाही. शरीरातील पेशी तेथे गोळा होऊन जखम बुजते व वरून त्वचा सरकते. त्यानंतर पोटाकडील मज्जारज्जूच्या टोकाशी नव्या पेशींचा लहानसा कोंब तयार होतो. त्या कोंबापासून नवीन वलये बनतात. ती सुरुवातीला बारीक व फिकट असल्यामुळे जुन्या शरीरापासून सहज ओळखू येतात. या क्रियेस पुनर्जनन म्हणतात.

कोठे तुटले यावर सारे अवलंबून

ब्रह्मदेशात अनेक वर्षे काम केलेले प्राणिशास्त्रज्ञ जी. ई. गेट्स यांनी निरनिराळ्या जातींच्या गांडुळांवर प्रयोग केले. आयसेनियामध्ये २३ व्या वलयापर्यंत कोठेही काप गेला तर मागच्या तुकड्याला नवे तोंड येऊ शकते. काप २० व्या वलयाच्या मागे गेला तर पुढच्या तुकड्याला नवी शेपटी येऊ शकते, असे त्यांना आढळले. याचा व्यवहारातील अर्थ असा :

१) गांडूळ मध्यावर तुटले तर तोंडाकडील तुकडा शेपटी वाढवून जगू शकतो. शेपटीकडील तुकड्याला मात्र तोंड येत नाही.

२) तोंडाकडील चार-पाच वलयेच तुटली तर उरलेले गांडूळ नवे तोंड तयार करते. तुटलेला लहान तुकडा मरतो.

३) तोंडाकडील १५ ते २० वलये गेली तर मागच्या तुकड्याला सहसा चार-पाच वलयांचेच नवे तोंड येते. अंडाशय व वृषणे १० ते १३ या वलयांत असतात. ती परत येत नाहीत, म्हणून असे गांडूळ जगले तरी अंडकोष देत नाही.

४) दोन्ही तुकडे जगण्याची शक्यता २० ते २४ या वलयांमधील अरुंद जागेतच असते. कुदळीचा घाव नेमका तेथे बसेल अशी आशा धरणे व्यर्थ आहे.

शेपटीकडील तुकड्याची एक वेगळीच गत होते. पुढे नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्या टी. एच. मॉर्गन या शास्त्रज्ञांनी १९ व्या शतकाच्या अखेरीस दाखवून दिले की, अशा तुकड्याच्या पुढच्या टोकाला कधी कधी तोंडाऐवजी दुसरी शेपटीच फुटते. दोन्हीकडे शेपटी आणि तोंड कोठेच नाही, असा हा जीव काही काळ वळवळतो व उपाशी मरतो. म्हणून तुकडा हालतो आहे म्हणजे तो जगला, असे समजू नये.

जातीनुसार ही शक्ती कमी-अधिक असते. आपल्याकडील पेरिओनिक्स एक्सकॅव्हेटस हे गांडूळ दोन्ही बाजूंनी चांगले वाढते. पण गादीवाफ्यातील उष्णता, मुंग्या आणि जखमेतील कुज यांपुढे त्याचेही फार चालत नाही. शिवाय नवा भाग वाढविण्यात अंगातील साठा खर्च होतो. तेवढा काळ खत व अंडकोष दोन्हींचे उत्पादन घटते.

संख्या वाढते ती अंडकोषातून

आयसेनियाचे अंडकोष साधारण ज्वारीच्या दाण्याएवढे, लिंबाच्या आकाराचे व पिवळसर-तांबूस असतात. अनुकूल ओल व तापमान असल्यास सुमारे तीन आठवड्यांत एका अंडकोषातून दोन ते चार पिले बाहेर पडतात. ती सहा ते आठ आठवड्यांत वयात येतात. म्हणजे एक धडधाकट गांडूळ काही महिन्यांत जे करते, ते तुटलेल्या शंभर तुकड्यांनाही जमणार नाही.

घ्यावयाची काळजी

- गादीवाफ्यात कुदळ, टिकाव किंवा खोरे वापरू नये. हाताने किंवा बोथट दातांच्या लाकडी दाताळ्याने खत हलवावे.

- खत काढण्यापूर्वी चार-पाच दिवस पाणी देणे बंद करावे. वरचा थर कोरडा झाला की गांडुळे खाली ओलीत जातात.

- खताचा ढीग गोणपाटावर उजेडात करावा, मात्र कडक उन्हात करू नये. गांडुळे तळाशी गेल्यावर वरचे खत थराथराने काढावे.

- खत चाळताना चाळणीवर राहिलेले अंडकोष व पिले नवीन वाफ्यात सोडावीत.

- तुटलेली गांडुळे दिसल्यास तोंडाकडील तुकडे ओलसर, सावलीच्या वाफ्यात ठेवावेत. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो, म्हणून हे काम सकाळी किंवा सायंकाळीच करावे.

- शेतातील काळ्या जमिनीतही गांडुळे असतात. पावसाळ्यात ओल असताना ती वरच्या थरात येतात. अशा वेळी विनाकारण वारंवार नांगर किंवा रोटाव्हेटर फिरवू नये. खोल नांगरट करावयाची झाल्यास उन्हाळ्यात, गांडुळे खोल गेलेली असताना करावी.

निसर्गाने गांडुळाला जखम भरून काढण्याची शक्ती दिली आहे, ती पक्ष्याच्या चोचीतून निसटल्यावर जीव वाचावा म्हणून. आपली कुदळ त्या शक्तीच्या भरवशावर चालवू नये.