नाकतोड्याचे मागील पाय

खड्ड्यांच्या रस्त्याने जाणाऱ्या बसमध्ये शेवटच्या बाकावर बसण्याचा प्रसंग ज्यांच्यावर आला असेल, त्यांस प्रस्तुत विषय समजण्यास फारसे श्रम पडणार नाहीत. मधल्या बाकांवरील मंडळी डुलत डुलत गप्पा मारीत असतात. शेवटच्या बाकावरील प्रवासी मात्र दर खड्ड्यागणिक क्षणभर अधांतरी होतो आणि पुन्हा बाकावर आदळतो. गाडीच्या मागील अंगास काय सोसावे लागते, हे त्याच्याइतके कोणासच ठाऊक नसते. हेच दुःख एका हातभर लांबीच्या खेळगाडीचेही असते, हे आम्हांस गेल्या वर्षापर्यंत माहीत नव्हते.

आम्ही कलाशाखेचे पदवीधर. यंत्रांशी आमचा संबंध शाळेची घंटा आणि घरची शिलाईची पाटी यांपलीकडे कधी गेला नाही. परंतु विज्ञान मंडळावर देखरेख ठेवण्याचे काम आमच्याकडे आले आणि नवव्या इयत्तेतील एका विद्यार्थ्याने रेडिओने चालणारी एक जुनी बग्गी शाळेत आणली. हातातील पेटीवरील कळ दाबावी, रेडिओलहरींनी आज्ञा पोहोचावी आणि वीस हातांवरील गाडीने वळण घ्यावे, ही मौज पाहण्यास सारी शाळा लोटली. अशा बग्ग्या बहुधा खऱ्या गाडीच्या एक-दशांश आकाराच्या असतात. वजन सुमारे दीड किलो. घडण अशी की, गुळगुळीत फरशीपेक्षा माती, खडी आणि उंचवटे यांवरच त्या शोभून दिसाव्यात.

मैदानावर विटा व फळी यांचा उतार रचला होता. गाडी फळीवरून उडाली, मागील चाकांवर आपटली, बेडकासारखी दोन-तीन उड्या मारून आडवी झाली. पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेस आम्ही सर्वांदेखत त्या मुलास म्हणालो, "अरे, हात जरा स्थिर ठेव. धसमुसळेपणा करू नकोस." तो काही बोलला नाही. मान खाली घालून गाडी उचलून आणावयास गेला. हे वाक्य पुढे आम्हांस परत घ्यावे लागले. ते का, हे सांगण्यासाठीच हा लेख.

आमच्या पदार्थविज्ञानाच्या सहकाऱ्यांनी आपल्या मोबाइलवर त्या उडीचे मंदगती चित्रण केले. ते पाहताना आमचा भ्रम फिटला. गाडी खाली आली, मागील स्प्रिंगा पूर्ण दाबल्या गेल्या, आणि लगेच त्यांनी गाडीचे मागील अंग पुन्हा वर फेकले. मागील चाके एकदा नव्हे, तीनदा जमिनीवरून सुटली. चाक अधांतरी असताना त्यास ना ढकलता येते, ना रोखता येते, ना गाडीची दिशा राखता येते. तशात एक चाक दुसऱ्याच्या आधी टेकले की गाडी फिरलीच म्हणून समजावे.

आता थोडे गणित. तीस सेंटिमीटर उंचीवरून पडणारी वस्तू जमिनीस टेकताना तिचा वेग सेकंदास सुमारे २.४ मीटर, म्हणजे तासास जवळजवळ ९ किलोमीटर असतो. आकारमानाने पाहता एक-दशांश गाडीची ही उडी खऱ्या मोटारीच्या तीन मीटर उडीसारखी होय. दुसरे असे की, गाडी नुसती उभी असताना तिचे मागील अंग आपल्याच भाराने स्प्रिंगवर एक सेंटिमीटर बसत असेल, तर दाबून सोडल्यावर ते सेकंदास सुमारे पाच हेलकावे घेते. एका हेलकाव्यास एक-पंचमांश सेकंद. डोळ्यांनी पाहून बोट हलविण्यास मनुष्यासही साधारण तितकाच वेळ लागतो. म्हणजे पहिली उडी ध्यानात येऊन बोट हलते तोवर दुसरी सुरू झालेली असते! जगातील कोणताही कुशल हात येथे पुरा पडणार नाही. दोष हाताचा नव्हता, पाठीमागच्या सस्पेन्शनचा होता. दुसऱ्या दिवशी वर्गात, सर्वांदेखतच, आम्ही त्या मुलास तसे सांगितले.

हा दोष एकट्या त्याच्या गाडीचा नाही. त्यास इतिहास आहे. जपानमधील तामिया या कंपनीने १९८४ साली 'ग्रासहॉपर' नावाची बग्गी काढली. ग्रासहॉपर म्हणजे नाकतोडा. त्याच वर्षी तिची थोरली बहीण 'हॉर्नेट', म्हणजे गांधीलमाशी, आली. स्वस्त, दणकट आणि नवशिक्या मुलांस जोडता येतील अशा या गाड्यांनी जगभर असंख्य मुलांस या छंदाची गोडी लावली. त्यांची मागील बाजूची रचना अगदी साधी होती. मोटर, दातेरी चक्रे आणि मागील आस ही सारी एकाच पेटीत घट्ट बसविलेली. ती पेटी पुढील बाजूस सांगाड्यास बिजागरीप्रमाणे जोडलेली, आणि मागे दोन स्प्रिंगांवर तोललेली. ग्रासहॉपरच्या मागे मुख्यतः स्प्रिंगच होत्या. हॉर्नेटला अधिक जोमदार मोटर आणि मागे तेलाचे शॉक-अ‍ॅब्सॉर्बर मिळाले. नाकतोडा उडी मारतो ती मागील पायांच्या जोरावर, आणि ही गाडीही उडे ती मागील अंगानेच. नाव सार्थ होते, पण चालविणाऱ्यास ते महाग पडे.

या रचनेत दोन अडचणी आहेत. पहिली अडचण वजनाची. स्प्रिंगच्या वर जे वजन असते ते स्प्रिंग सांभाळते. स्प्रिंगच्या खाली चाकांबरोबर जे वजन वरखाली होते, त्यास सांभाळणारा फक्त टायर. साध्या बग्गीत चाकांबरोबर संपूर्ण पेटी व मोटरही हलते. हॉर्नेटसारख्या गाडीची मोटर एकटीच दीडशे ग्रॅमांहून जड असते. हलके चाक खड्यावरून उडाले तर स्प्रिंग त्यास चटकन खाली दाबते. परंतु जड पेटी एकदा वर निघाली की तिला परतविणे स्प्रिंगला कठीण जाते. पायात चप्पल घालून दोरीच्या उड्या मारणे आणि पायास वीट बांधून मारणे, यांत जो भेद आहे तोच येथे आहे. दुसरी अडचण अशी की, दोन्ही चाके एकाच आसावर असल्यामुळे एकाखाली खडा आला तरी त्याचा उपद्रव दुसऱ्यास पोहोचतो.

यावरचा खरा उपाय त्याच १९८४ साली अमेरिकेतील कॅलिफोर्नियात निघालेल्या एका गाडीत दिसतो. टीम असोसिएटेड या कंपनीच्या 'आर. सी. १०' या बग्गीत मोटर व चक्रांची पेटी सांगाड्यासच पक्की केली होती. प्रत्येक मागील चाक स्वतंत्र भुजेवर बसविले, आणि पेटीतील गती दोन्ही टोकांस गाठी असलेल्या लहान दांड्यांनी चाकांपर्यंत पोहोचविली. शॉक-अ‍ॅब्सॉर्बर लांब व तेलाने भरलेले. आता खड्यावरून उडावयाचे ते फक्त चाक आणि भुजा. जड भाग स्प्रिंगच्या वर निवांत. १९८५ साली कॅलिफोर्नियातील डेल मार येथे या आकाराच्या बग्ग्यांची पहिली जागतिक स्पर्धा झाली, तेव्हा दोन चाकांना गती असलेल्या गटात जे हॅल्सी यांनी याच गाडीवर विजेतेपद मिळविले. आजच्या स्पर्धेच्या बग्ग्याही मागील चाके स्वतंत्र ठेवण्याच्या याच तत्त्वावर चालतात.

परंतु आमच्या विद्यार्थ्याजवळ तशी गाडी नव्हती, आणि नवी घेण्याइतके पैसेही नव्हते. हाती आहे तीच कशी सुधारावी, हा प्रश्न होता. येथे स्प्रिंग आणि तेल यांची कामे वेगळी आहेत, हे नीट समजून घेतले पाहिजे. सामान्य समजूत अशी की स्प्रिंग धक्का खाते. वास्तविक ती धक्का खात नाही. उधार घेते आणि तत्काळ परत करते. परत केलेला धक्का म्हणजेच ती बेडूकउडी. धक्का खरोखर गिळून टाकणारे असते ते तेल. शॉक-अ‍ॅब्सॉर्बरच्या नळीत बारीक छिद्रांचा दट्ट्या असतो. दट्ट्या हलला की तेलास त्या छिद्रांतून वाट काढावी लागते, आणि त्या झटापटीत उडीची शक्ती उष्णतेत रूपांतरित होऊन विरून जाते. हालचाल सावकाश असेल तर तेलाचा विरोध थोडा. वेगाची असेल तर मोठा. एवढे तारतम्य स्प्रिंगला नसते.

मुलांनी वर्गणी काढून तेलाच्या शॉक-अ‍ॅब्सॉर्बरची एक जोडी मागविली. तेल निराळे विकत घ्यावे लागते, हे कोणाच्या लक्षात आले नाही. तेव्हा एकाने घरून खोबरेल आणून नळ्या भरल्या. दुपारी प्रयोग झाला आणि गाडी पूर्वीपेक्षा पुष्कळच शहाण्यासारखी उतरली. आम्हीही कौतुक केले. दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता, मुख्याध्यापकांसमोर, तीच गाडी लाकडाच्या ओंडक्यासारखी आपटली. बेळगावची डिसेंबरातील सकाळ. हवा पंधरा-सोळा अंशांची. खोबरेल सुमारे चोवीस अंशांखाली गोठू लागते. नळ्यांत तेल नव्हतेच, लोणी होते! ज्यांच्या कोकणी घरात थंडीच्या दिवसांत खोबरेलाची बाटली उन्हात ठेवल्याखेरीज स्नान होत नाही, त्या आम्हांस तरी हे आधी सुचावयास हवे होते.

या कामासाठी सिलिकॉनचे तेल वापरतात. ऋतुमानाप्रमाणे त्याचा दाटपणा इतर तेलांच्या मानाने फार थोडा बदलतो, हा त्याचा मोठा गुण. बग्गीसाठी सर्वसाधारणपणे पाण्याच्या तीनशे ते पाचशे पट दाट तेल चालते. ते सावकाश भरावे, दट्ट्या हळूहळू वरखाली करून बुडबुडे निघून जाऊ द्यावेत, मगच झाकण लावावे. कारण बुडबुडा हाही एक स्प्रिंगच होय.

पुढील महिनाभराच्या प्रयोगांतून जे ध्यानात आले, ते क्रमाने सांगतो.

प्रथम, जोड मोकळे असावेत. धूळ साचलेला किंवा स्क्रू अति आवळलेला सांधा हा सस्पेन्शनचा पहिला शत्रू. स्प्रिंग काढून ठेवल्यावर मागील पेटी अथवा भुजा आपल्या वजनाने खाली आली पाहिजे. आमच्या गाडीचा अर्धा दोष केवळ पुसण्याने गेला.

दुसरे, स्प्रिंग चालेल तितकी मऊ असावी. गाडी खाली घासते म्हणून कडक स्प्रिंग घालण्याचा मोह सर्वांस होतो; आमच्या मुलांसही झाला. परंतु कडक स्प्रिंगने चाक खड्यावरून उसळते आणि मातीवरची पकड जाते. उंची थोडी कमी पडत असेल तर स्प्रिंगखाली एखादी कडी घालावी. गाडी उभी असताना चाकास खाली जाण्यासही थोडी जागा उरली पाहिजे. नाहीतर समोर खळगा आला की चाक अधांतरीच राहते.

तिसरे, तेल स्प्रिंगशी जुळते असावे. याची परीक्षा सोपी आहे. गाडीचे मागील अंग वीतभर उचलून सोडावे. ते उसळले तर तेल पातळ. खाली बसून वर येण्यास आळस करू लागले तर दाट. बसून एकदाच उठले व स्थिरावले तर योग्य.

चौथे, चाकांची ठेवण. स्वतंत्र भुजांच्या गाडीत मागील चाकांची तोंडे दोन-तीन अंश आत वळविलेली असतात. त्यामुळे गती देताना गाडीची शेपटी भरकटत नाही. एकाच आसाच्या गाडीत हे साधत नाही; तेथे मातीस योग्य असे अणकुचीदार टायर आणि घट्ट बांधलेली बॅटरी यांवरच समाधान मानावे लागते.

आणि पाचवे, जे सर्वांत महत्त्वाचे: एका वेळी एकच बदल करावा आणि तो वहीत लिहावा. मुलांनी एकदा तेल, स्प्रिंग व टायर तिन्ही एकाच दिवशी बदलले. गाडी बिघडली, पण कशाने, हे कळेना. सारे पूर्ववत करण्यात दोन दिवस गेले.

आज ती गाडी उडी मारून उतरते तेव्हा मागील अंग एकदा खाली बसते, उठते आणि पुढे निघते. ती मुळातूनच नव्या घडणीची झाली, असे नव्हे. जड पेटी अद्यापि चाकांबरोबरच हलते, आणि खडबडीत जागी तिचा मूळ स्वभाव उफाळून येतोच. परंतु पूर्वी उतारावरून दहांतून सहा-सात वेळा आडवी होणारी गाडी आता क्वचितच आडवी होते.

विद्यार्थिमित्रांनो, विज्ञान मंडळाच्या कपाटात ती प्रयोगवही ठेवली आहे. ज्यांस इच्छा असेल त्यांनी अवश्य पाहावी. तिच्या पहिल्या पानावर, पहिल्या दिवसाच्या तारखेखाली, त्या विद्यार्थ्याने लिहिले आहे : 'दोष : चालविणाऱ्याचा हात.' आठ दिवसांनंतरच्या तारखेने त्यावर एक रेघ मारलेली आहे आणि शेजारी लिहिले आहे : 'दोष : तेल नाही.' ती रेघ आम्ही त्यास स्वतः मारावयास सांगितली. खाली सही मात्र आमची आहे.