शहराचे नाव आणि बत्तीस बाइट

सी भाषेतल्या मोठ्या प्रणालीत एकच बारीक काम शेकडो ठिकाणी लागते. ते एकदाच लिहून सगळीकडे वापरायचा तुकडा म्हणजे हेल्पर फंक्शन. त्याला काय द्यायचे आणि त्याच्याकडून काय परत मिळते, हा करार म्हणजे त्याचा इंटरफेस. करार संदिग्ध असला, की आतले काम बिनचूक असूनही वापरणारा फसतो. मजकुराची नक्कल करणाऱ्या फंक्शनांत हे स्पष्ट दिसते.

सी भाषेत मजकूर संपल्याची खूण म्हणजे शेवटचा शून्य बाइट. शहराच्या नावासाठी ३२ बाइट राखले आहेत असे समजा. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, अगदी काना किंवा अनुस्वारही, ३ बाइट घेते. ‘औरंगाबाद’ची ८ चिन्हे म्हणजे २४ बाइट, शून्यासह २५. हे नाव सहज मावते. फेब्रुवारी २०२३ मध्ये नाव बदलले. ‘छत्रपती संभाजीनगर’ला १६ चिन्हे आणि मधली मोकळी जागा मिळून ४९ बाइट लागतात, शून्यासह ५०.

जुने स्ट्रएनकॉपी फंक्शन हे नाव उतरवताना ३२ बाइट काठोकाठ भरते. ‘भ’पुढच्या कान्याचा एकच बाइट आत येतो आणि शून्याला जागा उरत नाही. मग वाचणारा कोड शेजारच्या मेमरीत घुसतो.

ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टीमने १९९८ मध्ये आणलेले स्ट्रएलकॉपी शेवटी शून्य ठेवतेच. जागेत ‘छत्रपती संभ’ एवढे ३१ बाइट येतात. परत मात्र मूळ मजकुराची लांबी मिळते, ४९. नाव कापले गेले हे वापरणाऱ्याने तुलना करून ओळखायचे. शिवाय लांबी मोजण्यासाठी मूळ मजकूर शेवटपर्यंत वाचावा लागतो. त्यालाच शून्य नसेल, तर वाचन हद्दीबाहेर जाते.

लिनक्स कर्नलमध्ये २०१५ साली आलेले स्ट्रएसकॉपी मजकूर मावला तर उतरवलेल्या बाइटांची संख्या देते. मावला नाही तर ‘उणे ७’ हा त्रुटी-क्रमांक देते.

कोडमध्ये स्ट्रएलकॉपीच्या जागी नुसते स्ट्रएसकॉपी टाकून मात्र भागत नाही. परत मिळालेला आकडा लांबी समजून पुढे सरकणारा कोड ४९ ऐवजी उणे ७ मिळताच मागे सरकेल. म्हणून दोन्ही फंक्शने काही वर्षे शेजारी नांदली. परतीचा आकडा न वापरणाऱ्या जागांवर बदल सोपा होता. आकडा वापरणारी प्रत्येक जागा वाचून पाहावी लागली. शेवटचा वापर संपल्यावर २०२४ च्या ६.८ आवृत्तीतून स्ट्रएलकॉपी काढून टाकले गेले.

त्याच वर्षी स्ट्रएसकॉपीचा करार आणखी आखूड झाला. नक्कल ठरावीक लांबीच्या ॲरेत जात असेल, तर आकार सांगावा लागत नाही. कंपायलरच तो भरतो. पॉइंटर दिला, तर आकार पूर्वीसारखाच लिहावा लागतो. नाव पूर्ण हवे असेल, तर जागा किमान ५० बाइटची करण्याला पर्याय नाही. इंटरफेसचे काम एवढेच, की नाव कापले गेले तर ते लपून राहू नये.