प्रोपेलरची परीक्षा : काय मोजतात, कसे मोजतात?

• थ्रस्ट : पाती हवा खाली ढकलतात, प्रतिक्रियेने ड्रोन वर उचलला जातो. हे बल न्यूटनमध्ये, व्यवहारात ग्रॅममध्ये मोजतात.

• ‘१० × ४.५’ म्हणजे : व्यास १० इंच, पिच ४.५ इंच. पिच म्हणजे हवेत न घसरता एका फेऱ्यात प्रोपेलर जेवढा पुढे सरकेल ते अंतर.

• आकार आणि वेग : घडण तीच ठेवून व्यास दुप्पट केल्यास, तेवढ्याच फेऱ्यांना थ्रस्ट सुमारे १६ पट, शक्ती ३२ पट. फेरे दुप्पट केल्यास थ्रस्ट ४ पट, शक्ती ८ पट.

• कार्यक्षमता : एका जागी तरंगताना ‘ग्रॅम प्रति वॅट’. तेवढ्याच थ्रस्टसाठी मोठा, संथ प्रोपेलर सहसा कमी वीज घेतो.

• दोन पाती की तीन? दोन पाती सहसा अधिक कार्यक्षम. तीन पात्यांना तेवढ्याच व्यासात जास्त थ्रस्ट. रेसिंग ड्रोनमध्ये वापर अधिक.

• चाचणी-स्टँड : लोड सेल थ्रस्ट मोजतो, टॅकोमीटर मिनिटाचे फेरे. व्होल्ट × अँपिअर = वॅट. यात मोटरमधील ऊर्जाहानीही येते. केवळ प्रोपेलरची कार्यक्षमता काढण्यासाठी टॉर्क मोजावा लागतो.

• दक्षता : हवेच्या झोतासमोर भिंत नको. तापमान व हवेचा दाब नोंदवावा. स्टँडभोवती जाळी हवी.

• मंगळावर : तिथल्या हवेची घनता पृथ्वीच्या सुमारे १ टक्का. म्हणून ‘इन्जेन्युइटी’ या मंगळावरच्या हेलिकॉप्टरला सुमारे १.२ मीटर व्यासाचे, परस्परविरुद्ध दिशांनी फिरणारे दोन रोटर. मिनिटाला सुमारे २,४०० फेरे. पूर्वचाचणी कॅलिफोर्नियातील जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीच्या निर्वात कक्षात. पहिले उड्डाण १९ एप्रिल २०२१.