विजेचा हिशेब यंत्र घेण्यापूर्वी

आपल्या साकीनाका परिसरात एकाच गल्लीत राहती घरे, शिवणकामाच्या खोल्या आणि छोटे कारखाने आहेत. नवे यंत्र घेताना आपण किंमत विचारतो. ते दरमहा किती वीज खाईल हे मात्र बिल आल्यावरच कळते. मोबाइलवरील ऑनलाइन कॅल्क्युलेटरने हा अंदाज आधीच काढता येतो.

त्यामागचे गणित सोपे आहे. १००० वॅटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट होते. ७५ वॅटचा पंखा रोज १० तास चालल्यास ३० दिवसांत २२.५ युनिटे होतात. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. तेवढी वीज घेणारी मोटर रोज ५ तास, महिन्याचे २६ दिवस चालली तर सुमारे ९७ युनिटे. फ्रिजचे यंत्र मात्र अखंड चालत नाही. त्याच्या स्टार-लेबलवरील वार्षिक युनिटांना १२ ने भागावे.

माहिती भरताना घरगुती की व्यावसायिक, ही वर्गवारी आपल्या बिलावर पाहूनच निवडावी. घरगुती दर टप्प्याटप्प्याने वाढतात. म्हणून नव्या उपकरणाची युनिटे चालू वापरात मिळवूनच रक्कम काढावी. दर महाराष्ट्र वीज नियामक आयोग ठरवतो. कॅल्क्युलेटरमधील दर जुने नाहीत ना आणि स्थिर आकार, वहन आकार, वीज शुल्क धरले आहे ना, हे ताज्या बिलाशी ताडून पाहावे.

विद्यार्थी मित्रांनो, घरातील वडीलधारी मंडळी यंत्रासाठी कर्ज काढण्यापूर्वी हा हिशेब त्यांना करून द्या. कर्जाचा हप्ता कधीतरी संपतो. विजेचे बिल दरमहा येतच राहते.