तबकडीवरचे गाणे आणि मोटेऱ्याचे मैदान

गाणे आधी कानाच्या ओळखीचे व्हावे आणि गाणारा पुष्कळ मागाहून दृष्टीस पडावा, हा प्रकार बडोद्यास नवा नाही. फैयाजखाँसाहेबांच्या तबकड्या ज्या घरांतून वाजत, त्यांतील सर्वांनाच काही त्यांची बैठक लाभली नाही. तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटे मावत; खाँसाहेबांची नोमतोमची आलापी तेवढ्यात रंगातही येत नसे. तेव्हा बैठकीस जायचे ते तबकडीवर न मावलेले ऐकायला.

जानेवारी २०२५ मध्ये गोरव्यातली तरुण मंडळी अहमदाबादेस गेली ती नेमक्या उलट कारणासाठी. कोल्डप्ले हा लंडनमधल्या महाविद्यालयीन मित्रांनी उभा केलेला चौघांचा इंग्रज बँड. २०१६ साली तो मुंबईस येऊन गेला, पण आज नोकरीस लागलेली ही मुले तेव्हा शाळेत होती. यावेळी नवी मुंबईत तीन कार्यक्रम आटोपून २५ व २६ जानेवारीस बँड मोटेऱ्याच्या स्टेडियमवर उतरला. रेल्वेने खास गाड्या सोडल्या. ९३ किलोमीटरच्या द्रुतगती मार्गावरून मोटारीही निघाल्या.

आमच्या परिचयाचे एक कुटुंब वाडीतले जुने घर सोडून गोरव्यास राहावयास आले आहे. तेथील मुलीने पहिल्या पगारातून तिकीट काढले तेव्हा घरात दोन दिवस अबोला होता. वडिलांचा मुद्दा बिनतोड होता. २६ तारखेचा कार्यक्रम इंटरनेटवरून घरबसल्या दिसणार होता. मग महिन्याच्या किराण्याहून जास्त पैसे कशासाठी? आजोबांचा आक्षेप अधिक खोलातला. ते म्हणाले, “अगं, तीच गाणी, त्याच क्रमाने, तशीच वाजवणार. त्यात नवीन काय ऐकणार तू?”

हा प्रश्न टाकाऊ नव्हे. या बँडच्या दौऱ्यात कार्यक्रमाची आखणी बहुतांशी ठरलेली असते. राग तोच असून बंदिश रोज निराळी खुलावी, हा आनंद येथे शोधू नये. मग लाखावर माणसे जमतात ती कशासाठी?

मुलगी गेली. घरच्यांनी रात्री दूरदर्शनसंचावर तोच कार्यक्रम लावला, आणि खरे सांगायचे तर त्यांना तो तिच्यापेक्षा चांगला दिसला. वरच्या रांगांतून गायक ख्रिस मार्टिन अंगठ्याएवढा. तोंड पाहायचे ते पडद्यावरच. प्रत्येकाच्या मनगटावर दिवा असलेला पट्टा बांधला होता. तो दुरून नियंत्रित होतो, आपल्या हाती काही नसते. २००० साली आलेले ‘यलो’ हे गाणे सुरू झाले आणि सारे मैदान एका क्षणात पिवळे झाले. प्रजासत्ताक दिन असल्याने मार्टिनने ‘वंदे मातरम्’चे सूरही लावले. घरी सर्वांनी टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी मुलीचा घसा पार बसलेला. आजोबांनी काय ऐकलेस म्हणून विचारले, तर तिला सांगताच येईना. शेवटी म्हणाली, “आजोबा, मला त्याचा आवाज फारसा ऐकूच आला नाही. सगळेच गात होते.” शेजारी राजकोटचे जोडपे, पुढे सुरतेची मुले, कोणाचे नावही ठाऊक नाही, पण खोलीचे दार लावून, कानात यंत्र घालून वर्षानुवर्षे एकटीने ऐकलेल्या ओळी त्या सर्वांना पाठ होत्या.

आम्हांला हे भजनाच्या फडाजवळचे वाटते, बैठकीच्या जवळचे नव्हे. तेथेही अभंग सर्वांना ठाऊकच असतो आणि नवे ऐकण्यास कोणी जात नाही. आजोबांना ही तुलना मान्य नाही. देवाचे नाव आणि तिकिटाचा तमाशा एका तागडीत घालू नका, असे त्यांनी आम्हांस बजावले आहे. वडील मात्र पुढल्या खेपेस तिकिटे केव्हा निघतात, याची चौकशी हळूच करीत होते.

मनगटाचा पट्टा तिने आणला नाही. जाताना तो परत करावयाचा असतो. पुढच्या गावी तोच पुन्हा वापरतात.