सरकता स्वर : स्लाइड गिटारची ओळख

गिटार म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर येतो तो छातीशी धरलेले वाद्य झोकात वाजवणारा तरुण. पण हेच वाद्य मांडीवर आडवे ठेवून, डाव्या हातातील पोलादी कांडी तारांवरून सरकवीत वाजवता येते, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते. या पद्धतीला स्लाइड किंवा हवाईयन गिटार म्हणतात. ती शिकताना मला जे उमगले ते वाद्यापुरतेच नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

या पद्धतीचे श्रेय बहुधा हवाई बेटांवरील जोसेफ केकुकू याला दिले जाते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, शाळकरी वयातच त्याने हे तंत्र शोधले, असे सांगतात. 1915 साली सॅन फ्रान्सिस्को येथे भरलेल्या जागतिक प्रदर्शनानंतर या वादनाने अमेरिकेला वेड लावले. तिकडे मिसिसिपीच्या कापूस पिकवणाऱ्या प्रदेशात कृष्णवर्णीय वादक चाकूचे पाते किंवा बाटलीची मान तारांवर फिरवून आपले दुःख गात होतेच. भारताला मात्र ही कल्पना सर्वस्वी नवी नव्हती. आपली विचित्र वीणा याच तत्त्वावर वाजते. तिच्यावर काचेचा बट्टा सरकतो. त्यामुळे ब्रिजभूषण काबरा यांनी गिटारवर राग मांडले तेव्हा ते परके वाटले नाहीत. शिवकुमार शर्मा व हरिप्रसाद चौरसिया यांच्यासह त्यांनी केलेली ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही 1967 ची ध्वनिमुद्रिका आजही आवडीने ऐकली जाते. पुढे विश्वमोहन भट्ट यांना अमेरिकन वादक राय कूडर यांच्यासमवेतच्या वादनाबद्दल 1994 साली ग्रॅमी पुरस्कार मिळाला.

आता प्रत्यक्ष शिकण्याकडे वळू. पहिली गोष्ट तारा जुळवण्याची. नेहमीच्या जुळणीतील चार तारा उतरवल्या की जाड तारेपासून क्रमाने सा, प, सा, ग, प, सा असे स्वर मिळतात. एकही तार चढवावी लागत नसल्याने ती तुटण्याची धास्ती नाही. दुसरी गोष्ट म्हणजे तारा पट्टीपासून जरा उंच हव्यात. नाहीतर कांडी पडद्यांवर खडखडते. तिसरी गोष्ट दाबाची. नवशिका कांडी जोराने दाबतो. वास्तविक ती तारेवर नुसती टेकवायची असते. तिचे स्वतःचे वजन पुरते. कांडीच्या मागची बोटे तारांवर अलगद ठेवावीत, म्हणजे नको असलेला गुंजारव दबतो. पहिले काही दिवस एकाच तारेवर मोकळा सा, सातव्या पडद्यावर प आणि बाराव्यावर तार सा, एवढेच घोळवावे.

खरी परीक्षा यापुढे आहे. साध्या गिटारमध्ये बोट पडद्याच्या मागे कुठेही पडले तरी स्वर पडदाच ठरवतो. स्लाइडमध्ये कांडी टेकते तिथेच स्वर. पडदा ही केवळ खूण! मला हे कळायला एक फजिती व्हावी लागली. गेल्या स्नेहसंमेलनात मी तंबोऱ्याच्या साथीने यमन वाजवायला बसलो. चौथ्या पडद्यावर कागदाची पट्टी चिकटवून ठेवली होती आणि प्रत्येक गांधार अगदी तिच्यावर नेऊन टेकवीत होतो. तरी तो बोचत राहिला. पुढच्या रांगेत कुजबूज झाली, माझा हात थरथरू लागला आणि वादन कसेबसे आटोपले. घरी आल्यावर आजी एवढेच म्हणाली, “बाळा, तू बघत होतास. ऐकत कुठे होतास?”

त्या रात्री मी फूटपट्टी घेऊन हिशेब मांडला. तारेची लांबी सुमारे 65 सेंटिमीटर. तंबोऱ्याशी मिळणारा शुद्ध गांधार हवा तर तारेचा चार-पंचमांश भाग, म्हणजे 52 सेंटिमीटर, कंप पावला पाहिजे. चौथ्या पडद्यावर मात्र सुमारे 51.6 सेंटिमीटरच उरतात; कारण गिटारचे पडदे सप्तकाचे बारा समान भाग करून बसवलेले असतात. म्हणजे खरा गांधार पडद्याच्या चार मिलिमीटर अलीकडे होता! पंचमाच्या बाबतीत हाच फरक जेमतेम अर्धा मिलिमीटर आहे; म्हणून तो बिचारा कधी बोचला नाही. शिवाय वरच्या सप्तकात पडदे निम्म्या अंतरावर येतात, त्यामुळे तिथे तेवढीच चूक दुप्पट बेसूर होते.

तेव्हापासून मी पट्टी काढून टाकली. रोज पंधरा मिनिटे डोळे मिटून, तंबोरा लावून, एकच गांधार शोधतो. आधी तो गळ्याने गातो, मग कांडीने गाठतो. मींड घेताना निघण्याचा व पोहोचण्याचा, दोन्ही स्वर मनात पक्के असावे लागतात. नाहीतर ती नुसती घसरगुंडी होते.

पडदे खोटे नसतात. ते रस्ता दाखवतात. परंतु शेवटचे चार मिलिमीटर आपले आपणच चालावे लागतात. मित्रहो, वर्षभर टिपणांवर आणि मार्गदर्शकांवर विसंबणाऱ्या आपणा विद्यार्थ्यांना हे गिटारने सांगावे, यात मला तरी काही नवल वाटत नाही.