ईदर–ऑर आणि नीदर–नॉर

दोन शब्दांस अथवा वाक्यांस जोडणाऱ्या अविकारी शब्दास उभयान्वयी अव्यय म्हणतात, हें आमच्या विद्यार्थिबंधूंस ठाऊकच आहे. इंग्रजींत अशीं कांहीं अव्ययें जोडीनें येतात. त्यांपैकीं ईदर–ऑर व नीदर–नॉर या दोन जोड्यांविषयीं येथें थोडें विवेचन करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

ईदर–ऑर ही जोडी विकल्प दाखविते. आपण 'एक तर घरीं बस, नाहीं तर शाळेंत जा' असें म्हणतों, तोच हिचा भाव. परंतु 'आज शाळा आहे कीं सुट्टी?' अशी निवड विचारावयाची असतां एकटा ऑर योजावा. तेथें ईदर घातल्यास 'दोहोंपैकीं कांहीं तरी आहे काय?' असा अर्थ होऊन 'होय' किंवा 'नाहीं' एवढेंच उत्तर मिळेल.

खरी अडचण नीदर–नॉर या जोडीची. 'मीं रामासही पाहिलें नाहीं व गोविंदासही पाहिलें नाहीं' या वाक्यांत नकार क्रियापदाजवळ आहे. तो तसाच उचलून विद्यार्थी 'आय डिड नॉट सी नीदर राम नॉर गोविंद' असें लिहितो. नीदरच्या पोटांत नकार असतांना नॉट हा दुसरा नकार आला. चॉसरच्या काळीं, म्हणजे १४ व्या शतकांत, असे दुहेरी नकार इंग्रजींत रूढ होते. आजच्या शिष्ट इंग्रजींत ते अशुद्ध होत. 'आय सॉ नीदर राम नॉर गोविंद' असें लिहावें; नॉट ठेवावयाचाच असेल, तर पुढें ईदर–ऑर घालावे.

ही गोष्ट क्षुल्लक नव्हे. साक्ष देणाऱ्याच्या तोंडीं एक नकार अधिक पडला, तर काटेकोर ऐकणारा त्याचा उलट अर्थ करूं शकेल.

यावर उपाय आपल्याच भाषेंत आहे. 'ना राम आला, ना गोविंद' असें आपण म्हणतों, तेव्हां 'ना' पुढें येतो व 'आला' हें क्रियापद होकारार्थीच राहतें. नीदर–नॉरची रचना हुबेहूब अशीच आहे. भाषांतर करण्यापूर्वीं मराठी वाक्य 'ना–ना' लावून मनांत फिरवून घ्यावें, म्हणजे चूक होणार नाहीं.

आणखी दोन नियम ध्यानांत असावे. पहिला, जोडीचे दोन्ही शब्द समान पदांच्या आधीं यावे: 'ही प्लेज ईदर क्रिकेट ऑर हॉकी', येथें ईदर प्लेजच्या आधीं नको. दुसरा, क्रियापद जवळच्या कर्त्याप्रमाणें चालवावें: 'नीदर द टीचर नॉर द बॉईज आर हिअर'. बॉईज जवळ, म्हणून आर.

परकी भाषा शिकतांना स्वभाषेचें व्याकरण अडथळा न होतां दिवा होऊं शकतें. तो हातीं घेऊन चालावें, इतकेंच आमचें सांगणें आहे.